कव्हरमामांची निळी भिंत

कव्हरमामांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो. मामांच्या घरातली एकही वस्तू तुम्हाला तिच्या स्वतःच्या अंगानं भेटायची नाही. सोफ्यावर तो दुकानातून आला त्या दिवसाचं प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर चादर, आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक जुनी चादर. पाहुणा बसला की आधी चुर्रर्र असा आवाज व्हायचा, मग पाहुणा हळूहळू पुढे सरकत जमिनीकडे निघायचा आणि चहा येईपर्यंत गुडघ्यांच्या जोरावर तग धरून राहायचा. टीव्हीच्या रिमोटला तीन पिशव्या आणि दोन रबरबँड. भिंतीवरच्या घड्याळाला पिशवी, त्यामुळे घरात किती वाजले हे अंदाजानंच ठरायचं. खुद्द मामांच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर, खाली कोपऱ्यात, दुकानदाराचं सोनेरी गोल स्टिकर चार वर्षं तसंच होतं. का काढत नाही असं विचारलं तर म्हणायचे, "काच नवी राहते."

मामी, म्हणजे मामांची बायको, एकतीस वर्षं हे सोसत होत्या. सोफ्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, त्या खुर्चीवर बसायच्या. त्यांच्या मनाला लागली होती ती पातेली. लग्नात त्यांच्या वडिलांनी ॲल्युमिनियमची पाच पातेली दिली होती, एकात एक बसणारी, झाकणांसकट. मामांनी ती खोक्याबाहेर येऊच दिली नाहीत. "चांगल्या प्रसंगाला काढू," म्हणाले. खोकं पिशवीत गेलं, पिशवी माळ्यावर गेली, आणि चांगले प्रसंग आले नि गेले. एकदा मामींचे वडील आठ दिवस राहायला आले होते. "आज तरी काढू या, बाबांना त्यातच करून वाढते," मामी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला नक्की," मामा म्हणाले. पुढची खेप आलीच नाही, त्याआधी वडील गेले. त्यानंतर मामींनी त्या खोक्याचं नाव काढलं नाही, आणि बायको एखाद्या गोष्टीवर बोलायची थांबली याचा अर्थ मामांनी विषय मिटला असा लावला. नवऱ्यांची ही समजूत फार जुनी आहे.

धंद्यानं मामा पत्र्याचे मिस्त्री. साधेसुधे नव्हेत. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून, खिळा न मारता, अशी शिवण घालायचे की पाण्याच्या थेंबाला आत शिरायला वाट सापडू नये. पण छपराच्या कामाचं एक दुःख असतं, ते छपरावर असतं. पस्तीस वर्षांत मामांची शिवण निवांतपणे बघितली ती फक्त कावळ्यांनी. घरमालक खालूनच मान वर करून "गळत नाही ना?" एवढं विचारायचा आणि आत जायचा. मामींनी तर नवऱ्याचं एकही काम आजवर पाहिलं नव्हतं. शिडी चढायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांना चढवायची मामांची छाती नव्हती.

विद्यापीठाचं नवं ग्रंथालय निघालं तेव्हा मात्र मामांचं नशीब उघडलं. आर्किटेक्ट मॅडमनी नुसतं छप्परच नाही, तर बाहेरच्या भिंतीसुद्धा धातूच्या पत्र्यांनी मढवायचं ठरवलं होतं. मॅडम वयानं मामांच्या लेकीएवढ्या असतील, पण त्या बोलायला लागल्या की मामा पाय जुळवून उभे राहायचे. हा सगळा धातू जुना आहे, त्यांनी सांगितलं. मोडक्या खिडक्या, डबे, भांडी वितळवून केलेला. साठ-सत्तर वर्षांनी इमारत पाडली तरी पुन्हा वितळवून दुसरीकडे लावता येईल. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा ठेवायची, तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि आत एसी कमी लागतो. रंग नाही, पॉलिश नाही.

"पण मॅडम, उघडा पत्रा खराब नाही का व्हायचा?" मामांनी काळजीनं विचारलं.

"उलट, मामा. हवा लागली की हा धातू स्वतःवर एक पातळ थर धरतो. दुधावर साय धरते ना, तसा. तेच त्याचं कव्हर. आपण फक्त त्याला हवा लागू द्यायची."

मामांना पत्र्याबद्दल इतका आदर याआधी कधी वाटला नव्हता. स्वतःचं कव्हर स्वतःच घालणारी वस्तू ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी मामींना सांगून टाकलं, "उद्घाटनाला तुला घेऊन जाणार. या वेळी माझं काम बघायला शिडी लागायची नाही."

मामींनी भाजी चिरता चिरता वर बघितलं. "नक्की? का पुढच्या खेपेला?"

"नक्की म्हणजे नक्की," मामा म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

कारखान्यातून पत्रे आले ते निळ्या फिल्ममध्ये. नवा फ्रिज घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला पातळ प्लॅस्टिक चिकटलेलं असतं ना, तशीच, फक्त गडद निळी, आणि तिच्यावर ठिकठिकाणी पांढरे बाण. सगळे बाण वर ठेवून पत्रे बसवायचे, म्हणजे सगळ्यांची झाक एकसारखी दिसते. बाणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की बसवल्यापासून पंचेचाळीस दिवसांत फिल्म काढावी, नाहीतर उन्हानं गोंद आवळतो, फिल्म तडकते आणि धातूवर कायमचे डाग राहतात. मॅडमनीही बजावलं, "मामा, पत्रा बसला की लगेच सोलायचा." आणि त्या दुसऱ्या गावी, अडीच महिन्यांसाठी दुसऱ्या कामावर निघून गेल्या.

आता ज्या माणसानं चष्म्यावरचं स्टिकर चार वर्षं काढलं नाही, त्याच्या स्वाधीन तीन मजले नवीकोरी फिल्म करणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. छपरावरची फिल्म मामांनी मुकाट काढली, कारण ती ठेवून शिवण बसत नाही. भिंतीवरची मात्र त्यांच्यानं काढवेना. आधी गवंडी अंगणात सिमेंट कालवत होते, शिंतोडे उडाले असते. मग काचवाले आले, त्यांचा हात लागला असता. मग माळी आला, आणि माळ्याचा काही भरवसाच नाही. मॅडमचा फोनवर निरोप यायचा, "फिल्म काढली ना?" मामा उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवायचे. निरोप मिळाला, एवढाच त्यांच्या मते त्याचा अर्थ होता.

त्यात आणखी एक भानगड झाली. मोठ्या दरवाज्याशेजारचा, छातीच्या उंचीवरचा पत्रा मामा स्वतः बसवत होते, तेवढ्यात मामींचा फोन आला.

"अहो, तुम्ही काल सांगत होतात, लोकांची जुनी भांडी वितळवून ती भिंत केली म्हणून. मला आपलं सांगून टाकावंसं वाटलं. आपली पातेली आहेत त्यात."

"कुठली पातेली?"

"बाबांनी दिलेली. विद्यापीठानं फाटकाशी पेटी ठेवली होती ना, 'जुनं ॲल्युमिनियम इथे टाका' अशी? गेल्या वर्षी टाकून आले."

"अगं, पण खोकं तर माळ्यावर आहे! मी मागच्याच महिन्यात पुसलं!"

"रद्दी भरून ठेवलीय त्यात," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दर महिन्याला रद्दी पुसताय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मामांचं डोकं सुन्न झालं. त्याच अवस्थेत त्यांनी हातातला पत्रा उचलला, बसवला, घट्ट केला, त्याच्या दोन्ही बाजूंचेही बसवले, आणि संध्याकाळी चार पावलं मागं येऊन बघतात तो काय, सगळ्या भिंतीवरचे बाण वर आणि त्या एका पत्र्याचा बाण खाली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी पत्रा उलटा लावला होता. तो काढायचा म्हणजे अख्खी रांग उसवायची. फिल्म ठेवावी तर बाण चुगली करतो, फिल्म काढावी तर झाक चुगली करते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मामांनी नेहमीचा निर्णय घेतला, म्हणजे आत्ता नको, मग बघू.

भिंतीपुढचं बांबूंचं मचाण उतरलं आणि कुलगुरू इमारत बघायला आले. हे गृहस्थ कुठल्याही विषयावर "माझे तीन मुद्दे आहेत" म्हणून सुरुवात करत आणि चौथ्या मुद्द्यावर रंगात येत. त्यांनी इमारतीकडे बघितलं आणि ते जागीच थबकले.

"वा! काय निळा आहे! असा निळा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कोणी लावले हे पत्रे?"

मामा पुढे झाले. कुलगुरूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हलवला. पस्तीस वर्षांत मामांचा हात असा कोणी हलवला नव्हता. "साहेब, हे निळं नाही, ही फिल्म आहे," हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण हात इतक्या छान हलत होता की त्यांनी ते गिळलं.

एकदा गिळलेलं वाक्य मग वर यायचं नाव घेईना. आठवड्याभरात विद्यापीठाच्या फायली निळ्या झाल्या. पडदे निळे झाले. शिपायांना निळे गणवेश आले. सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर "निळाईचं तत्त्वज्ञान" नावाची चाळीस पानी पुस्तिका छापून आणली. त्यात निळा म्हणजे ज्ञानाचा अथांगपणा, वर जाणारे बाण म्हणजे जिज्ञासेची झेप, आणि दरवाज्याशेजारचा खाली वळलेला तो एकटा बाण म्हणजे विद्येनं येणारा विनय, असं सात पानं समजावून सांगितलं होतं. "काय सूक्ष्म विचार आहे हा मिस्त्रींचा!" असं ते मामांच्या तोंडावर म्हणाले, आणि मामांनी विनयानं मान खाली घातली. करतील काय!

पत्रे बसवल्याला सत्तरावा दिवस उजाडला. उद्घाटनाला चार दिवस उरले होते. मामा सकाळी लवकर गेले आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी फिल्मचा एक कोपरा नखानं उचकटला. नखाएवढाच तुकडा हातात आला. आणखी ओढलं, पुन्हा नखाएवढा. अर्ध्या तासात तळहाताएवढी जागा मोकळी झाली, तीही गोंदानं चिकट. वर नजर टाकली तर दक्षिणेच्या बाजूला फिल्मला बारीक तडे जायला लागले होते. अजून महिनाभरानं ती चिंध्या होऊन लोंबणार, खालचा धातू डागाळणार, आणि ज्या एका कामाला शिडी लागणार नव्हती ते मामींना अंग सोललेल्या पालीसारखं दिसणार. पस्तीस वर्षांची शिवण कावळ्यांनी बघितली, आणि हे तेवढं साऱ्या जगानं बघायचं.

मामांनी मन घट्ट केलं आणि सरळ कुलगुरूंचं ऑफिस गाठलं.

"या, या, मिस्त्री! बसा! बरं झालं आलात. माझे तीन मुद्दे आहेत. एक, हा निळा टाय बघा. दोन, प्रमुख पाहुण्यांना आपण निळी शाई..."

"साहेब, त्या निळ्याबद्दलच बोलायचं होतं."

"बोला ना! कमी पडतोय का? मागची भिंतही करू या!"

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तेवढ्यात त्यांचं लक्ष कुलगुरूंच्या खुर्चीकडे गेलं. उंच पाठीची, चामड्याची भारी खुर्ची, आणि तिच्यावर दुकानातून आली त्या दिवसाचं प्लॅस्टिक. साहेब बोलता बोलता हळूहळू पुढे सरकत होते, आणि दर मिनिटाला टेबलाची कड धरून स्वतःला मागं ओढून घेत होते. मामांचं मन भरून आलं. अशा माणसाचं कव्हर आपण कोणत्या तोंडानं काढायचं? ते "काही नाही साहेब, टाय छान आहे," म्हणाले आणि उठून घरी आले.

घरी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी मामींना सगळं सांगून टाकलं. फिल्म, गोंद, अंगठा, टाय, उलटा पत्रा, सगळं. मामींनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही इमारतीलासुद्धा कव्हर घातलंत?"

मामांनी मान हलवली. मामी हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग तो सोडून देऊन, मग भिंतीला टेकून, मग तोल जाऊन सोफ्यावर. तिथून घसरत घसरत त्या जमिनीवर आल्या आणि तिथे बसून आणखी हसल्या. मामा चप्पल घालूनच उभे होते. अखेर मामींनी डोळे पुसले.

"सोलायला गेलात तेव्हा किती वाजले होते?"

"सकाळचे सात. का?"

"पत्रा गार होता?"

"गारच असणार ना."

"अहो, नव्या भांड्यावरचं स्टिकर कसं काढतात, कधी बघितलंत का स्वयंपाकघरात येऊन? तुम्ही कुठलं बघणार, तुमची भांडी खोक्यात! गार भांड्यावर नखं घासत बसलं तर चिंध्याच निघतात. मागून गॅसवर जरा गरम करायचं, आणि मग एक टोक धरून, भांड्यालगत आडवं ठेवून, सावकाश ओढायचं. अख्खं निघतं. उरलेल्या गोंदाला तेलाचं बोट."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तीन मजली भिंत गॅसवर कशी ठेवायची?"

"ऊन कशाला असतं?" मामी म्हणाल्या. "भिंतीवर ऊन कधी येतं?"

"बारा ते तीन."

"मग उद्या बाराला जाऊ. आणि चप्पल काढा आता, की तिलाही काही घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं भिंतीपुढे उभे राहिले. पत्रा हात भाजेल इतका तापला होता. मामींनी पदर खोचला, एका पत्र्याच्या कोपऱ्यातून फिल्मचं टोक सोडवलं, ते पत्र्यालगत आडवं धरलं आणि पोरीची वेणी सोडवावी तशा निवांतपणे ओढायला सुरुवात केली. सर्रर्र. वीतभर निघालं. हातभर निघालं. एका दमात अख्खी निळी पट्टी मामींच्या हातात आली आणि खालचा धातू उघडा पडला. फिकट, मऊ चंदेरी, जरासा दुधाळ.

नेमक्या याच वेळी कुलगुरू, सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रवासाची बॅग खांद्याला लावलेल्या आर्किटेक्ट मॅडम असे तिघं कोपऱ्यावरून वळले. मॅडम उद्घाटनासाठी नुकत्याच परतल्या होत्या, आणि कुलगुरू त्यांना त्यांचीच इमारत हौसेनं दाखवत होते.

मॅडमनी भिंतीकडे बघितलं. बाणांकडे बघितलं. मग त्यांनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले.

"मामा! तुम्ही मला अंगठा पाठवत होतात!"

"निरोप मिळाला म्हणून पाठवत होतो, मॅडम."

"आणि या बाई हे काय करतायत?" प्राध्यापक ओरडले. "अहो, त्या निळाई फाडतायत! थांबवा त्यांना!"

"ते प्लॅस्टिक आहे," मॅडम म्हणाल्या.

"शक्य नाही. मी त्यावर चाळीस पानं लिहिली आहेत."

कुलगुरूंचा चेहरा त्यांच्या टायच्या रंगाकडे झुकत चालला होता. मामांना आता लपायला जागाच उरली नव्हती. ते पुढे झाले.

"साहेब, चूक माझी. ही फिल्म केव्हाच काढायला हवी होती. पत्र्याला ओरखडा येईल म्हणून मी ठेवली. तुम्हाला आवडली, तुम्ही माझा हात हातात घेतलात, मग माझ्यानं बोलवेना. काल ऑफिसात सांगायला आलो, तर तुमची खुर्ची बघितली आणि जीभ अडखळली."

"माझ्या खुर्चीचं काय?"

"तिच्यावरचं प्लॅस्टिक. तुम्हीही काढलेलं नाही."

कुलगुरूंनी टायची गाठ सैल केली.

"मिस्त्री, ती खुर्ची घेऊन तीन वर्षं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "फार चांगलं चामडं आहे हो. खराब होऊ नये म्हणून... तीन वर्षं मी त्या खुर्चीवरून घसरतोय. मीटिंगमध्ये पाय टेबलाखाली लावून बसतो. पोटऱ्या दुखतात."

"मला विचारा," मामी म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली."

कुलगुरूंनी मामींकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या निळ्या पट्टीकडे बघितलं, मग उघड्या पत्र्याकडे. मग ते एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "माझे तीन मुद्दे आहेत. एक, उद्घाटन सकाळी दहाला नाही, दुपारी एकला. दोन, फीत कापायची नाही, फिल्म सोलायची. तीन..." ते अडखळले. "ताई, मला एक टोक सोडवून द्याल का?"

मामींनी दिलं. कुलगुरूंनी ओढलं. सर्रर्र! "आहाहा!" ते म्हणाले, आणि चौथा मुद्दा मांडायचा ते विसरून गेले.

वरचे दोन मजले मामांच्या माणसांनी त्या आणि पुढच्या दोन दुपारी, छपरावरून सोडलेल्या झुल्यावर बसून सोलले. खालचा मजला पाहुण्यांसाठी राखून ठेवला. उद्घाटनाच्या दिवशी विद्यापीठानं जे बघितलं ते परत बघायला मिळायचं नाही. गणिताचे प्राध्यापक, ग्रंथपाल, नव्या निळ्या गणवेशातले शिपाई, विद्यार्थी, प्रमुख पाहुणे, सगळे रांगेनं भिंतीला लागले होते. "आडवं ओढा, आडवं! घाई नको!" अशा मामी मागून फिरत होत्या, आणि एका हातात तेलाची वाटी. परीक्षा विभागाच्या प्रमुखांना कोणी कधी हसताना बघितलं नव्हतं, ते चार पट्ट्या काढल्यावर पाचवीसाठी दुसऱ्याशी भांडत होते. सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक सुरुवातीला हाताची घडी घालून लांब उभे होते. मग त्यांनी एक टोक धरून बघितलं. मग दुसरं. तिसऱ्या पत्र्याला ते विद्यार्थ्यांना सांगत होते, की सत्य हे नेहमी आवरणाखाली असतं, आणि हा मुद्दा पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत येईलच.

फिल्मचा डोंगर झाला. मॅडमनी सांगितलं, की हेही प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरात जाईल. मामा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, त्यातली एक चांगली मोठी पट्टी मला घरी..."

"अहो!" वीस हातांवरून मामींचा आवाज आला.

"काही नाही, काही नाही," मामा म्हणाले.

सगळ्यात शेवटी दरवाज्याशेजारचा, खाली बाण असलेला पत्रा उरला. प्रमुख पाहुणे हात पुसत त्याच्याकडे निघाले होते, पण मामा आडवे आले. "माफ करा साहेब. हा हिच्यासाठी ठेवलाय."

मामींनी पदराला हात पुसले, टोक धरलं आणि एका ओढीत पत्रा उघडा केला. मामा चार पावलं मागं आले आणि त्यांनी भिंत बघितली. सगळी भिंत चंदेरी, शांत, आणि मधला तो एक पत्रा त्याच धातूचा, पण वेगळ्या झाकेचा. जरासा उबदार, जरासा सोनेरी. उलटा लावलेला होता म्हणून. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चक्क एक मोठा गोल डाग.

"डाग!" मामा कळवळले. "गोंदानं डाग पाडला! बघ, तिथे, कोपऱ्यात! आणि तिथेही! मी मान वळवतो तिकडे डाग!"

मामींनी मामांच्या नाकावरचा चष्मा काढला, उजव्या काचेवरचं सोनेरी स्टिकर नखानं खरवडून टाकलं, काच पदरानं पुसली आणि चष्मा परत नाकावर ठेवला. डाग गेला. चार वर्षांनी मामांना उजवीकडचं जग पुरतं दिसलं.

"यात आमची पातेली कुठे असतील?" मामींनी मॅडमना विचारलं.

"तसं सांगता येत नाही, मामी. सगळं एकत्रच वितळवतात. सगळीकडे थोडीथोडी असतील."

"या पत्र्यात आहेत," मामा म्हणाले.

मॅडमनी त्या वेगळ्या झाकेच्या पत्र्याकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं. पत्रा उलटा लागलाय हे त्यांना एका नजरेत कळलं होतं. "हो," त्या म्हणाल्या. "यातच असणार."

मामी पत्र्याजवळ गेल्या. त्यांनी आपला उजवा तळहात त्याच्यावर टेकवला, कढत होता तरी, आणि तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मागं फाटकातून माणसं आत येत होती, जिना चढत होती, पुस्तकांच्या कपाटांकडे जात होती.

"बाबांना सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "काढली म्हणावं शेवटी वापरायला."

"मी चुकलो," असं मामांना म्हणायचं होतं आणि ते म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, त्यामुळे आवाज जरा गंजलेला निघाला. मामींनी हात काढला. लखलखीत नव्या पत्र्याच्या बरोब्बर मधोमध त्यांच्या पाच बोटांचा तेलकट ठसा उमटला होता.

मामांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. रुमाल बाहेर आला. पत्र्यापर्यंत गेला. तिथे तो थांबला, आणि मग मामांनी त्याची नीट घडी घातली आणि तो परत खिशात ठेवून दिला.